मल्टिमीटर वाजला म्हणजे अँटेना झाला असं नसतं

अंगावर लावायच्या अँटेनाच्या नादात सिल्व्हर इंकने, म्हणजे चांदीचे कण असलेल्या शाईने, पहिला अँटेना छापला तेव्हा मी सगळ्यात आधी मल्टिमीटर लावला, बीप वाजली आणि मी खूश! व्हीएनएवरही (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो ते मोजणारं यंत्र) मॅचिंग मस्त दिसलं, म्हणजे पाठवलेली पॉवर फारशी परत येत नव्हती, पण रेंज एकदम फुसकी. दोन दिवस कनेक्टरला शिव्या घातल्या, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

झालं असं की मल्टिमीटर डीसी मोजतो आणि माझ्या अँटेनाच्या 2.45 गिगाहर्ट्झला करंट धातूच्या वरवरच्या थरातूनच पळतो, या थराची जाडी म्हणजे स्किन डेप्थ, तांब्यात ती जेमतेम 1.3 मायक्रॉन. पण छापलेली इंक म्हणजे काही घन चांदी नाही, एकमेकांना टेकलेले कण आणि मध्ये बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ), त्यामुळे कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहण्याची क्षमता, दहापट कमी धरली तरी स्किन डेप्थ चार मायक्रॉनवर जाते, आणि इंकजेटचा एक थर बऱ्याचदा एक मायक्रॉनसुद्धा नसतो. मग करंटला पुरेशी जाडीच मिळत नाही आणि पॉवर इंकमध्येच जिरते. आणि गंमत बघा, जिरलेली पॉवर परत येत नाही म्हणून मॅचिंग उलट छानच दिसतं! मला हे कळायला फारच वेळ लागला.

आता स्क्रीन प्रिंटिंग करतो, जाड थर बसतो. छापल्यावर इंक भाजून कण एकमेकांना जोडणं हा वेगळा ताप. चांदी वितळते 962 अंशांना पण नॅनो कण 150 च्या आसपासही जुळायला लागतात, फक्त तेवढ्यात ज्यावर छापतो ती साधी पीईटी प्लास्टिकची फिल्म वाकडी होते, पॉलिइमाइड हे उष्णता सोसणारं प्लास्टिक मात्र आरामात टिकतं. कापडावर थेट छापू नका, धागे इंक पिऊन टाकतात, आधी पॉलियुरेथेनचा गुळगुळीत थर द्या.

एवढं करून अंगावर लावलं की शरीर आडवं येतंच. या फ्रिक्वेन्सीला स्नायूंची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप, हवेचं साधारण एक) पन्नासच्या वर, त्यामुळे साधा डायपोल, म्हणजे दोन दांड्यांचा अँटेना, त्वचेजवळ नेला की रेझोनन्स, म्हणजे तो ज्या फ्रिक्वेन्सीला नीट चालतो ती, खाली घसरतो आणि बरीच पॉवर शरीरच खातं. म्हणून मी फेल्टवर (दाबलेलं जाड कापड) पॅच, म्हणजे चपट्या तुकड्याचा अँटेना, केला, मागे पूर्ण ग्राउंड प्लेन, म्हणजे सलग वाहक थर, तोच अंगापासून आडोसा देतो. डायपोलपेक्षा बोजड आहे, पण चालतो तरी.

फक्त पहिल्यांदा तो दंडावर गुंडाळताना पॅचची रेझोनंट लांबीच, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारी बाजूच, वाकत होती, फ्रिक्वेन्सी लगेच सरकली. 90 अंशात फिरवून लावला, आता बऱ्यापैकी जागेवर आहे. कोपर वाकवल्यावर काय होतं ते अजून बघायचंय.