तुम्ही विचारलंत म्हणून: मिरची नव्हती तेव्हा जेवण सपक लागायचं का?

मी जुन्या ग्रंथांतले पदार्थ घरी करून बघते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "तेव्हा मिरचीच नव्हती ना? मग सगळं सपक लागत असेल." विचारणारा कोल्हापूरकडचा असेल तर आवाजात थोडी कीवही असते. उत्तर आधीच देऊन टाकते: नाही, सपक लागत नाही. तिखट होतं. फक्त ते जिभेवर वेगळ्या वाटेने यायचं.

पण काय काय नव्हतं ते आधी बघू, कारण यादी मिरचीवर थांबत नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू, पपई, अननस ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांपासून त्यांचं येणं सुरू झालं. बटाटा आणि टोमॅटो आपल्या रोजच्या भाजीत रुळले ते तर इंग्रजी अमदानीत. आता एकादशीची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, दाण्याचं कूट, मिरची, बटाटा, चौघेही परदेशी. ज्ञानेश्वरांच्या काळात एकादशी होती, ही खिचडी नव्हती. हे ऐकून घरातल्या ज्येष्ठ मंडळींचे चेहरे कसे होतात ते बघण्यासारखं असतं.

मी ज्याच्यावरून रांधते तो मुख्य ग्रंथ म्हणजे 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, राज्यकाल ११२६ ते ११३८, याच्या नावावरचा हा संस्कृत ग्रंथ ११३०च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं, आपल्या उमरग्याहून फार लांब नाही. ग्रंथात शंभर अध्याय: किल्ले, हत्ती, रत्नं, संगीत, शिकार, कुत्रे, आणि त्यातच राजाच्या उपभोगांमध्ये अन्नभोग. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला, पहिला खंड १९२५चा, दुसरा १९३९चा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंदही याच ग्रंथात आहे. म्हणजे राजाच्या ताटातल्या तांदळामागची मुसळं कुठेतरी ऐकू येतात, पण ती संगीताच्या प्रकरणात. स्वयंपाकाच्या प्रकरणात त्या बायका नाहीत.

तर तिखट. मानसोल्लासातली इडरिका हा पदार्थ बघा, कारण तो कुणालाही घरी जमेल. आंबवलेलं उडदाचं पीठ लहान वाट्यांत घालायचं, कापड लावलेल्या दुसऱ्या वाट्यांनी झाकून शिजवायचं, उतरवल्यावर मिरपूड भुरभुरायची, आणि हिंग-तुपाचा, जिऱ्याचा वास द्यायचा. तांदूळ नाही. प्रमाण तर कशाचंच नाही, ते आपणच ठरवायचं. मी एक वाटी उडीद डाळ चार-पाच तास भिजवते, कमीत कमी पाण्यात वाटते, मीठ घालून रात्रभर झाकून ठेवते. सकाळी इडलीपात्राच्या खळग्यांत ओलं कापड घालून त्यावर पीठ, आणि पंधरा मिनिटं वाफ. होते ती इडली नव्हे. दाट, किंचित चिकट, पांढरीशुभ्र, आणि एकटी खाल्ली तर कुणी दुसरी मागणार नाही. सगळा खेळ वरच्या मिऱ्याचा. मिरं आयत्या वेळी खलबत्त्यात जाडसर कुटायचं. बाटलीतली राखाडी पूड घालायची असेल तर हा खटाटोप करूच नये. पळीत तूप कडकडीत तापवून त्यात हिंग आणि जिरं, आणि ते इडरिका गरम असतानाच वरून ओतायचं.

पहिल्या घासाला काही होत नाही. तुपाचा वास येतो, उडदाची आंबट चव येते, पाहुणे एकमेकांकडे बघतात. गिळल्यानंतर घशात ऊब चढते आणि तिथेच बसून राहते. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि मिऱ्यातलं पिपेरीन दोन्ही आपल्या शरीरात उष्णता जाणवून देणाऱ्या एकाच यंत्रणेला डिवचतात, पण मिऱ्याचा हात कितीतरी हलका. मोहरीचं तर वेगळंच. तिच्यातलं तिखट द्रव्य उडून जाणारं, म्हणून ते सरळ नाकात जातं. त्यात आलं, सुंठ आणि पिंपळी धरली तर त्या काळच्या स्वयंपाक्याकडे तिखटाचे चार-पाच वेगवेगळे दरवाजे होते. आपण मिरची आली तशी बाकीचे बरेचसे लावून घेतले. पिंपळी आता आयुर्वेदिक दुकानात खोकल्याचं औषध म्हणून मिळते, यावरून काय ते समजा.

हे सगळं मेलेलं नाही, हेही सांगायला हवं. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरातल्या नैवेद्याच्या इडलीत आजही मिरं, जिरं, सुंठ आणि तूप असतं. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात मिरची, बटाटा, टोमॅटो चालत नाहीत. दक्षिणेत अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरचीच्या जागी मिरं वापरतात. देवाला आणि पितरांना जुनी चव लागते. आपण मात्र ठेचा सोडायला तयार नाही.

तिखटाइतकंच काम आंबट करतं, आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. चिंच, ताक, आवळा, कांजी यांचा या ग्रंथात मनसोक्त वापर आहे. हिंग तर जवळजवळ मिठासारखा येतो, कित्येकदा पाण्यात कालवून. हिंगाचं पाणी मी आता रोजच्या आमटीतही घालते. वाटीभर कोमट पाण्यात हिंगाचा लहान खडा विरघळवून ठेवायचा आणि शेवटी दोन चमचे. फोडणीतला हिंग वेगळा आणि हा वेगळा, करून बघा. याच उडदाच्या पिठाला पाच किंवा सात भोकं पाडून तेलात तळायचं, हेही ग्रंथात आहे. मेदूवड्याला एक भोक पुरतं. राजाकडे वेळ होता.

भाजण्या-शेकण्याचं विचाराल, तर ओव्हन नव्हता, खापर होतं. मंडक, म्हणजे आपले मांडे, करण्याची रीत अशी: गहू धुवायचे, उन्हात वाळवायचे, जात्यावर दळून बारीक चाळायचे, तूप-मीठ घालून कणीक मळायची, गोळे हातांनी पसरवत न्यायचे आणि तापल्या खापरावर टाकायचे. खानदेशी वाचकांना पुढचं सांगायला नको. खापरावरची पुरणपोळी तिथे आजही होते: चुलीवर उपडं खापर, आणि बाई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठा करते. लाटणं नाही. मी जवळ उभी राहून पाहिलंय. हात थांबला की पोळी लोंबते आणि फाटते, म्हणून तो थांबतच नाही. बोलणं मात्र चालू असतं, सुनेला सूचना, चुलीत लाकूड सारा. बेळगावचे मांडे उपड्या कढईवर होतात, आत साखर, आणि गरम असतानाच घडी घातलेले, कुरकुरीत. मुक्ताईला मांडे करायचे होते, विसोबाने कुंभारांना खापर द्यायला मना केलं, आणि ज्ञानदेवांनी पाठ तापवून दिली, ही कथा आपण लहानपणापासून चमत्काराची म्हणून ऐकतो. स्वयंपाक करणाऱ्याला त्यातली अडचण आधी दिसते. खापर किंवा तसं उपडं भांडं नाही तर मांडे नाहीत. तव्यावर ते होत नाहीत. मी घरी मांड्यांच्या वाटेला जात नाही. ते हात वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार होतात.

एक गोष्ट मात्र ऐकून घ्या, कारण हल्ली ती फार ऐकू येते: "आपले पूर्वज असं खायचे." माफ करा, आपले पूर्वज असं खात नव्हते. हे राजाचं ताट आहे. गहू, तूप, साखर, कापूर हे कुळवाड्याच्या घरात रोजचं नव्हे. दख्खनच्या कोरडवाहू गावात ज्वारी, बाजरी, नाचणी, आंबील, कण्या, रानातल्या भाज्या, मिळेल ती डाळ. ते कुणी संस्कृतात लिहून ठेवलं नाही, कारण त्याला कृती लागते असंच कुणाला वाटलं नाही. माझ्या मते भाकरी थापणं मंडकाइतकंच अवघड आहे, पण भाकरीला सोमेश्वर भेटला नाही.

आता कुठून सुरू करायचं ते सांगते. पहिल्यांदा शिखरिणी करा. दही फडक्यात बांधून पाणी काढा, साखर घालून कापडातून घासून घ्या, वेलदोडा लावा. आपल्या श्रीखंडाची जवळची नातेवाईक, त्यामुळे घरचे बिचकणार नाहीत. कापूर घालायचाच तर खाण्याचाच कापूर घ्या, पूजेचा चुकूनही नको, आणि तोही मोहरीएवढा. मग इडरिका करा. पाहुण्यांना आधी सांगू नका की मिरची नाही. सांगितलं की ते तीच शोधत बसतात.

आणि हो, पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. त्या ग्रंथात शेतातल्या उंदरांचीही कृती आहे. गरम तेलात शेपटीला धरून बुडवायचे, केस निघाले की धुऊन साफ करायचे, आवळा आणि मीठ घालून शिजवायचे. मी केले आहेत का, असं दर वेळी कुणीतरी विचारतं, बहुतेक वेळा पहिला घास तोंडात असताना. नाही केले. कृती सोपी आहे, पण बाजारात मिळत नाहीत, आणि घरातले धरून आणायला आमच्या मांजरीची परवानगी नाही.