चर्चिलला रांग, अ‍ॅटलीला कोणी नाही

लंडन आय, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ सगळं झालं, फोटो टाकलेत, त्यावर काही लिहायचं नाहीये. डोकं फिरलं ते पार्लमेंट स्क्वेअरला. ओव्हरकोटातला भलामोठा चर्चिल, भोवती सेल्फीवाल्यांची झुंबड, त्यात आपलीच मंडळी जास्त! गांधीजी 2015 पासून त्याच चौकात आहेत, पण ज्याच्या सरकारने 1947 मध्ये आपल्या स्वातंत्र्याचा कायदा पास केला तो तेव्हाचा ब्रिटिश पंतप्रधान क्लेमेंट अ‍ॅटली त्या चौकात नाहीच.

मग मी हट्टाने माईल एंडला गेलो. पूर्व लंडन, क्वीन मेरी युनिव्हर्सिटीचा कॅम्पस, आणि तिथे हा ब्राँझचा टकलू, मिशीवाला, बँकेतल्या हेडक्लार्कसारखा माणूस उभा. पोरं कॉफीचे कप घेऊन बाजूने चाललीयत, मान वर करून कोणी बघत नाही. अ‍ॅटलीचा हा पुतळा आधी लाइमहाऊसच्या लायब्ररीबाहेर होता, 1988 पासून. लायब्ररी बंद पडल्यावर लोकांनी त्याची नासधूस केली, मग कौन्सिलने चारी बाजूंनी फळ्या ठोकून त्याला काही वर्षं झाकूनच ठेवलं, दुरुस्त करून इथे आणला 2011 मध्ये. ज्या लाइमहाऊसने 1922 पासून त्याला सतत निवडून दिलं तिथे ही गत! जागा मात्र अगदीच परकी नाही, 1945 ची त्याची मतमोजणी इथेच, पीपल्स पॅलेसमध्ये झाली होती. नुकतंच युद्ध जिंकून दिलेल्या चर्चिलला लोकांनी घरी बसवलं आणि अ‍ॅटलीच्या लेबर पक्षाला 393 जागा दिल्या.

अ‍ॅटली खात्यापित्या घरातला वकील, या भागातल्या गरीब पोरांच्या क्लबात काम करायला आला, इथली दैना बघितली आणि समाजवादी झाला. 1919 ला इथल्याच स्टेपनी भागाचा मेयर. आपल्याकडे आलेला तो सायमन कमिशनचा मेंबर म्हणून, 3 फेब्रुवारी 1928 ला मुंबईत उतरले तेव्हा काळे झेंडे होते स्वागताला. त्याच कमिशनपुढे पुण्यात बाबासाहेबांची साक्ष झाली. फाळणीची घाई त्याच्या सरकारच्या खात्यावर आहेच, ती मी माफ करत नाही, पण आधी जून 1948 ची मुदत देऊन ती पाळण्याऐवजी आणखी अलीकडे आणण्यात माउंटबॅटनचा हातही मोठा.

संध्याकाळी ताईकडे (मावसबहीण, इथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स) हे सगळं तावातावाने सांगितलं तर ती भाजी परतता परतता म्हणाली, "अरे, आमच्याकडे पेशंट आणला की आधी डिपॉझिट भरा म्हणणारा काउंटरच नाही, हे त्याच्याच सरकारचं." 5 जुलै 1948 ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, आरोग्यमंत्री बेव्हन. पुढे 1951 मध्ये चष्म्यांना आणि कवळ्यांना पैसे लावायचं ठरल्यावर बेव्हनने राजीनामाच दिला, म्हणजे फुकट या शब्दावर ती माणसं किती अडून बसायची बघा. आमच्याकडे बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी रात्री दोनला मी कार्ड घेऊन काउंटरवर उभा होतो, पुढचं सांगत नाही. ताईचं रडगाणंही आहेच म्हणा, वेटिंग लिस्ट, कमी स्टाफ, डबल शिफ्ट, तिची एक मैत्रीण तर ऑस्ट्रेलियाला निघाली.

अ‍ॅटलीच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबेत आहेत. तिथलं तिकीट बघून मी बाहेरूनच नमस्कार केला, समाजवाद्याला भेटायला एवढे पैसे काय मागता हो?