तुम्ही विचारलंत म्हणून: एआय आलं, मग फी तेवढीच का?

"साहेब, आता सगळं एआयच करतंय म्हणं. मग फी कमी करा की!" मी इचलकरंजीत सीए आहे, आणि माझ्या बहुतेक पार्ट्यांनी, म्हणजे ज्यांचे हिशेब मी बघतो त्यांनी, हे एकदा तरी विचारून झालंय. विचारतात चहा पिताना, पण गमतीनं नाही.

करतं की. जीएसटीचं टू-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी, आणि खरेदीचं रजिस्टर जुळवण्यात आर्टिकलची, म्हणजे सीए व्हायला माझ्याकडे शिकणारी, दोन पोरं आठवडा घालवायची. आता न जुळणारी बिलं दुपारपर्यंत वेगळी निघतात. त्या कामाची फी मी कमी केलीय. ते मात्र कुणी चहावर बोलत नाही.

आता १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच) घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. उधारीवर चालणाऱ्या गावाला हे कलम चांगलंच झोंबलं. एका सूतवाल्याची येणी-देणी मी एआयला दिली. त्यानं ४५ दिवसांवरची सगळी देणी लाल करून ठेवली. यादी झकास, आणि दोन्ही बाजूंनी चुकलेली. ४५ दिवसांपर्यंतची मुदत लेखी करार असेल तरच; नसेल तर १५ दिवसांचीच, त्यामुळे काही नावं सुटली. आणि लाल झालेल्यांतले कितीतरी नुसते व्यापारी. सूत घेतात, विकतात. त्यांना हे कलम लागू नाही. कोण गिरणीवाला आणि कोण व्यापारी हे लेजरमध्ये लिहिलेलं नसतं. ते उद्यम सर्टिफिकेटवर, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या दाखल्यावर असतं, आणि सर्टिफिकेट मिळवायला पोरगं चार-चार फोन करतं.

वकिलांकडे तर याहून वाईट. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीनं रचलेले निकाल कोर्टात दिले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयकराचा एक आदेशच रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. म्हणजे चुकलं ते आयकर खातं! तेव्हापासून खात्याच्या नोटिशीतला निकालसुद्धा मी मुळातून उघडून बघतो. हे काम पूर्वी नव्हतं. शिवाय तुमचे कागद एआयला देण्याआधी नाव, पॅन, जीएसटी नंबर काढावे लागतात. तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय बाहेर गेली, तर १९४९च्या सीए कायद्यानुसार तो माझा गैरवर्तनाचा गुन्हा, सॉफ्टवेअरचा नव्हे.

मला खरी काळजी पोरांची आहे. बिलं जुळवता जुळवताच मला खोटं बिल ओळखता यायला लागलं होतं. यांची आर्टिकलशिप आता दोनच वर्षांची, आणि जुळवणी मशीनकडे. म्हणून महिन्यातून एक पार्टी मी त्यांना हातानं करायला लावतो. वैतागतात.

तर ऑडिटची फी तीच राहील. आणि तुमच्या सूतवाल्यांची उद्यम सर्टिफिकेटं तेवढी व्हॉट्सॲपवर टाका, तीन महिने झाले मागतोय.