किकरची आई

नोव्हेंबर २०२४. मी भाकरी थापत होते आणि आमचा थोरला जिन्यात बसून फोनवर "येस सर, येस सर" करत होता. चार मिनिटांत बोलणं आटोपलं. "जागा गेली," एवढंच म्हणाला, गॅरेजमधली चेंडूंची पिशवी उचलली आणि अंधारात बाहेर पडला. तव्यावरची भाकरी करपली.

जागा म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल संघातली. अमेरिकन फुटबॉल. मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, आणि मॅच संपल्यावर पेठेत रात्रभर चाललेले वाद. नातू फुटबॉल खेळतोय म्हटल्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीत पेढे वाटले होते. मग मी व्हिडिओ पाठवला. "ह्यो कसला फुटबॉल? समदी हातात घिऊन पळत्यात की!" त्यांना सांगितलं, आण्णा, त्या संघात पायाने मारायचं काम एक-दोघांचंच असतं, आणि आपला त्यातला आहे. किकर. तेव्हा कुठे पेढ्यांचे पैसे वसूल झाले.

तो नववीपर्यंत सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, खेळायचा. अटलांटाजवळच्या आमच्या हायस्कूलच्या कोचने त्याची एक फ्री किक पाहिली आणि उचलून नेला. तिथून पुढची तीन वर्षं मी जे शिकले ते कुणी आधी सांगितलं असतं, तर बरीच वणवण वाचली असती.

अकरावीच्या वर्षी १ सप्टेंबर उजाडला की कॉलेजचे कोच मुलाला थेट मेसेज करू शकतात, असा तेव्हा नियम होता. २०२३ सालच्या त्या दिवशी आम्ही फोन टेबलावर ठेवून बसलो होतो. दोन मेसेज आले, दोन्ही कॉलेजांच्या चाचणी-कॅम्पच्या जाहिराती. किकरला रात्री बारा वाजता कुणी मेसेज करत नाही हे तेव्हा माहीत नव्हतं. बहुतेक कॉलेजं एका वर्षात फार तर एखादा किकर घेतात, कधी तोही नाही. मग आपणच जायचं. फिल्म पाठवायची, एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवायचं, ठरवून दिलेले १६ विषय होतायत की नाही ते शाळेत जाऊन तपासायचं आणि जूनमध्ये गाडी काढायची.

जून २०२४ मध्ये आम्ही नऊ कॅम्प केले. जॉर्जियाचं ऊन, मी झाडाखाली घडीची खुर्ची टाकून, डब्यात धपाटे. पहिल्याच कॅम्पला समजलं की हायस्कूलमधला हिशेब इथे चालत नाही. हायस्कूलच्या गोलखांबांत २३ फूट ४ इंचांचं अंतर असतं, कॉलेजच्या १८ फूट ६ इंचांचं. हायस्कूलमध्ये चेंडूखाली रबराचा ठोकळा ठेवता येतो, कॉलेजमध्ये चेंडू थेट गवतावर. घरी जे सहज आत जायचं ते तिथे खांबाला लागून बाहेर. पहिले दोन कॅम्प रडतच गेले. सातव्यात त्याने ५० यार्डांवरून ओळीने चार मारले, आणि तिथल्या कोचने मला येऊन हात मिळवला.

ऑगस्टमध्ये त्याच कॉलेजने त्याला प्रिफर्ड वॉक-ऑन म्हणून शब्द दिला. म्हणजे स्कॉलरशिप नाही, फी आपली, पण संघात जागा पक्की. मोठं नाव, मोठं स्टेडियम. आम्ही फोटो टाकले, मंडळाच्या गणपतीत लोकांनी अभिनंदन केलं. सही मात्र कशावरच नव्हती. माझा नवरा तेव्हाच म्हणाला होता, "नुसत्या तोंडी शब्दावर कोल्हापुरात कुणी म्हैससुद्धा विकत घेत नाही." मी त्याला गप्प केलं.

ऑक्टोबरमध्ये खेळाडूंना कॉलेजांकडून थेट पैसे मिळण्याच्या खटल्यातल्या तडजोडीला कोर्टाची प्राथमिक मंजुरी मिळाली. बातमी वाचली तेव्हा मला वाटलं, चांगलंच झालं की! त्यात एक कलम होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं. आधी संघात ८५ जणांना स्कॉलरशिप असे आणि वर फुकट खेळणारी पोरं, असा आकडा सहज १२०च्या घरात जायचा. आता तडजोडीत उतरणाऱ्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा जाणार, पण संघ जास्तीत जास्त १०५ जणांचा. कात्री लागणार कुणाला? शेवटून मोजा.

त्या रात्रीच्या फोनवर कोचने तेच सांगितलं. आणि पुढे एक वाक्य होतं, जे पोराने मला दोन दिवसांनी सांगितलं: किकर एकच ठेवायचा असेल, तर तो आम्ही पोर्टलमधून घेऊ.

ट्रान्सफर पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी. २०१८ मध्ये सुरू झाली. तेव्हा संघ बदलला की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये ही अट एकदा बदलण्यापुरती गेली, २०२४ मध्ये पूर्णच गेली. म्हणजे माझ्या सतरा वर्षांच्या पोराची स्पर्धा शेजारच्या शाळेतल्या पोराशी नव्हतीच. ती होती साठ-सत्तर हजार लोकांसमोर, अरुंद खांबांतून, गवतावरून तीन वर्षं चेंडू मारलेल्या बाप्याशी. कोविडच्या हंगामाचं एक जादा वर्ष मिळाल्याने त्यातले काही तर चोविशीतले.

४ डिसेंबरला सह्यांचा दिवस होता. शाळेच्या जिममध्ये स्कॉलरशिपवाली पोरं टोप्या घालून टेबलामागे बसली. आमच्याने खुर्च्या मांडायला मदत केली. मी गाडीतच बसून राहिले.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत त्याने साठेक मेल पाठवले. आता आम्ही "तुम्हाला आमचा मुलगा आवडला का" असं विचारत नव्हतो. तुमच्याकडे किकर किती, कोणत्या वर्षाला, पहिल्याचं शेवटचं वर्ष कधी, मागचे तीन किकर हायस्कूलमधून आले की पोर्टलमधून, हे विचारत होतो. अर्ध्या लोकांनी उत्तरच दिलं नाही, तेही उत्तरच.

शेजारच्या राज्यातल्या एका छोट्या कॉलेजचा कोच मात्र मोकळा माणूस निघाला. त्याने कागदावर आकडे मांडले. म्हणाला, "हायस्कूलमधून फारच थोडी घेतली तर तीन वर्षांनी माझा पाया पोकळ. सगळी हायस्कूलची घेतली तर यंदा हरतो आणि माझी नोकरी जाते. आणि तुमच्या मुलाला दोन वर्षं शिकवलं, तो चांगला झाला, की मोठं कॉलेज त्याला उचलणार. मग मी शिकवू कुणासाठी?" मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. क्लेम्सन कॉलेजचे कोच डॅबो स्वीनी वर्षानुवर्षं पोर्टलकडे जवळजवळ पाठ फिरवून बसले, तर कोलोरॅडोत डिऑन सँडर्सनी २०२३ मध्ये बहुतेक संघच नवा आणला. बाकीचे सगळे या दोघांच्या मधे कुठेतरी चाचपडतायत, हा माणूसही.

५ फेब्रुवारी २०२५ ला पोराने तिथे सही केली. चौथाई स्कॉलरशिप, वर मार्कांवर मिळालेली थोडी मदत. तडजोडीत उतरायचं नाही, म्हणजे १०५ची मर्यादा पाळायची नाही, असं त्या कॉलेजने ठरवलं होतं, तेही आम्ही विचारून घेतलं.

मग एप्रिलमध्ये त्या खटल्याच्या न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी, मर्यादेपायी जागा गेलेल्यांची सोय करा, असं बजावलं. ६ जूनला अंतिम मंजुरी आली, त्यात अशा मुलांना १०५मध्ये न मोजण्याची मुभा होती. देणं न देणं कॉलेजच्या मर्जीवर. सही झालेली असूनही जूनभर पहिल्या कॉलेजच्या कोचचा नंबर मी फोनमधून काढला नाही. फोन आला नाही. जुलैत काढला.

पहिल्या हंगामात तो दोन मॅच खेळला. तेव्हाच्या नियमाने चारपर्यंत मॅच खेळला तरी खेळायच्या वर्षांतलं एक वर्ष खर्ची पडलं असं धरत नसत. वरचा किकर पदवी घेऊन गेला. जागा रिकामी! २०२६ मध्ये पोर्टल एकदाच, २ ते १६ जानेवारी उघडणार होतं. ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, "टाक की त्याचं नाव, मोठं कॉलेज मिळेल." दीड वर्ष ज्या पोर्टलला मी शिव्या घातल्या, त्याच्याबद्दल मी रात्रभर विचार केला, हे कबूल करते. पोरगा नको म्हणाला.

आणि त्याच्या कोचने पोर्टलमधून एक किकर घेतला.

आण्णांना फोनवर सांगितलं. ते शांत होते. "अगं, आपल्याकडं पण सीझनच्या आधी पोरं ह्या तालमीतनं त्या तालमीत जायचीच की. तुमच्याकडं त्याला इंग्रजी नाव दिलंय निस्तं." मग विचारलं, नवा पोरगा कसा आहे? मी सांगितलं, चांगला आहे म्हणे, दोघं रोज एकत्र सराव करतात, वाऱ्यात चेंडू धरणाऱ्याला तो कसा धरायला सांगायचा ते नवा आपल्याला शिकवतो.

"वय काय त्याचं?"

"तेवीस."

"मग लगीन झालंय का?"