मोटार चांगली आहे, आप्पा

"सोलरची मोटार सकाळी चालू होते आणि पाऊण तासात बसते." तक्रार एवढीच होती. २०२४ चा मे, अंबड तालुक्यातलं एक गाव, मोसंबीची बाग. सौर कृषी पंपांची देखभाल-दुरुस्ती हे माझं काम, आणि उन्हाळ्यात अशा तक्रारींची रांग लागते. कधी वायर उंदराने कुरतडलेली असते, कधी कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीत, पाल शिरून चिकटलेली.

पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन असं की पत्र्याच्या पेटीला हात लावता येईना. बागेचे मालक आप्पा विहिरीच्या काठावरच बसले होते, त्यांची सून कडब्याच्या पेंढ्या सावलीला ओढत होती. आप्पा म्हणाले, "साहेब, ऊन बघा कसं पडलंय. एवढ्या उन्हात मोटार चालंना म्हणल्यावर पावसाळ्यात काय चालंल?"

कंट्रोलर उघडला. स्क्रीनवर 'ड्राय रन'. मोटारीला ओढायला पाणी उरलं नाही की करंट उतरतो आणि मोटार जळू नये म्हणून कंट्रोलर ती बंद करतो. काही मिनिटांनी तो पुन्हा चालू करून बघतो. तसा त्याने माझ्यासमोर केला. पाइपातून हवा फुसफुसली, गढूळ पाण्याची एक चूळ पडली आणि मोटार पुन्हा बसली.

तरी सगळं तपासलं. सोलरच्या पंधरा प्लेटा, पाच एचपीची मोटार, व्होल्टेज ठीक, अर्थिंग ठीक. थर्मामीटर प्लेटांवर धरला तर ६४ अंश. प्लेटेची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे ऐन मे महिन्यात पंधरा टक्क्यांवर वीज उष्णतेनेच जाते. वर धुळीचा थर. "प्लेटा धूत नाही का?" असं विचारल्यावर सून म्हणाली, "दादा, प्यायला टँकरचं पाणी हाय. प्लेटा कशानं धुवू?" यावर काय बोलणार? पहाटे कोरड्या मऊ फडक्याने पुसायला सांगितलं.

पण मोटार बसायचं कारण ना उष्णता होतं, ना धूळ. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. बासष्ट फूट खोल, वीस फूट रुंद विहीर, आणि तळाला मोटार जेमतेम बुडेल एवढं पाणी. आप्पांना विचारलं, रात्रीतून किती चढतं? "दीड फूट. मागल्या महिन्यात अडीच चढायचं." काठावरच हिशेब मांडला. या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास नऊ हजार लिटर, दीड फूट म्हणजे तेरा हजार. पाच एचपीच्या मोटारीला हे पाऊण तासाचं काम. पुढे दिवसभर सूर्य तळपतो, प्लेटा तयार असतात, आणि उपसायला काही नसतं.

"मोटार चांगली आहे, आप्पा. विहीर दमलीय."

त्यांना ते माहीत होतं. माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, एवढंच.

सौर पंपाच्या बाजूने मी कुणाशीही वाद घालीन. रात्री दोनला थ्री फेज येणार म्हणून बॅटरी घेऊन सापाकिरड्यात जाणारी माणसं मी पाहिली आहेत, ती पाळी या पंपाने चुकवली. दुष्काळात तर त्याचं मोल आणखी कळतं. २०१५ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, पण ते धरणात पाणी असेल तर चालणार. ऊन मात्र दुष्काळात जास्तच पडतं. अडचण इथेच आहे. ही वीज थांबत नाही, तिला बिल नाही, भारनियमन नाही, त्यामुळे उपशाला लगाम राहत नाही. आप्पांच्या विहिरीजवळच्या नाल्याच्या काठाने त्यांची धरून चार विहिरी आहेत आणि चारहींवर आता सोलर. पूर्वी कुणी रात्री उपसायचं, कुणी पहाटे. आता सूर्य वर आला की चारही मोटारी एकदम सुरू होतात.

आप्पांच्या मुलाने फोनवर वेगळाच प्रस्ताव मांडला: चारशे फूट बोअर मारू, साडेसात एचपीचा पंप टाकू. मी स्पष्ट नको म्हणालो. एक तर २००९ च्या भूजल कायद्याप्रमाणे शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटांखाली जायला मनाई आहे. दुसरं, आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी वरच्या मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत असतं, भेग लागली नाही तर चारशे फूट कोरडी धूळ. तिसरं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. पंपाचा वेग निम्मा झाला की तो पाणी चढवू शकतो ती उंची निम्मी नाही, पाव होते. पाणी साठ फुटांवर असताना सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते वर येतं. तोच पंप दोनशे फुटांवर सोडला तर सकाळ-संध्याकाळ मोटार नुसती फिरते, पाणी पडतं ते माथ्यावर ऊन असतानाच. पाणी जितकं खाली जाईल, तितका सोलरचा दिवस लहान होतो.

मग राहिली बाग. २८० झाडं, आणि भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला शंभर लिटर तरी हवं. तेरा हजार लिटरमध्ये १३० झाडं जगतील. मला वाटलं होतं आप्पा सगळ्यांना निम्मं निम्मं देऊ म्हणतील. ते म्हणाले, "२०१२ ला तसंच केलं होतं. सगळ्यांना अर्धं दिलं, आन सगळीच गेली. कुऱ्हाड लावली."

माझं काम खरं तर संपलं होतं, पण निघवेना. आप्पा पुढे, मागे सून सुतळीचा गुंडा घेऊन, त्यांच्या मागे मी. आप्पा खोडाला हात लावायचे, पानं मुरगळून बघायचे, आणि "हे" म्हणाले की सून फांदीला सुतळी बांधायची. जी झाडं ठेवायची नव्हती, त्यांच्याजवळ ते काहीच न बोलता पुढे सरकायचे. त्या झाडांच्या ठिबकच्या नळ्या मी दुमडून तारेने आवळल्या. एका ओळीत सलग सहा झाडं सुटली तेव्हा सुनेने सातव्याला आप्पांच्या आधीच सुतळी बांधली. आप्पांनी ती सोडली नाही.

निघण्याआधी शेजारचे दोन शेतकरी बांधावर बोलावले. चारही मोटारी एकाच वेळी चालवू नका, एक दिवसाआड पाळी लावा, झऱ्यांना भरायला वेळ मिळेल, असं सांगितलं. एकाने लगेच मान्य केलं. दुसरा म्हणाला, "माझ्या विहिरीत पाणी हाय तवर मी थांबू कशापायी?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आप्पांकडे होतं. ते त्याला विहिरीवर घेऊन गेले आणि आत वाकून बघायला लावलं. तो पाळीला तयार झाला, पण फक्त पावसापर्यंत.

तक्रार बंद करताना मोबाइलवर कारण निवडावं लागतं: कंट्रोलर, मोटार, प्लेट, वायरिंग. मी 'इतर' निवडून पुढे लिहिलं, 'विहिरीला रात्रीतून दीड फूट पाणी, पंप निर्दोष'. त्या दिवसापासून नव्या जोडणीच्या सर्व्हेला गेलो की एकराच्या आकड्याआधी विहिरीचं उन्हाळ्यातलं माप विचारतो आणि अर्जावर लिहितो. अर्जात त्यासाठी रकाना नाही, समासात लिहितो. वरिष्ठांना रकाना वाढवायचं पत्र दिलंय. आप्पांच्याच शिवारात साडेसात एचपीच्या दोन नव्या जोडण्या यायच्या आहेत, त्या विहिरींत दोरी सोडल्याशिवाय मी सही करणार नाही.