१६ बिटच्या एका फाइलीसाठी अंधेरीत घातलेले खेटे

दादरला केलेले अभंगांचे ध्वनिमुद्रण २४ बिटचे होते, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक नमुन्याची पातळी २४ द्विमान अंकांत नोंदलेली होती, आणि मिश्रण मी घरीच ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश चिन्ह सरकू शकणाऱ्या आकड्यांत, केले. त्यात सांगण्यासारखे काही नाही. अडले ते अंधेरीच्या एका कार्यालयात, जिथे सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने), १६ बिटची फाइल तयार करून मिळणार होती.

मिळालेल्या फाइलीत अखेरच्या अभंगानंतरचा तंबोरा हेडफोनवर आवाज वाढवून ऐकला, तर तो विरण्याऐवजी खरखरत तुटत होता. "सोळा बिट म्हटलं की एवढं चालायचंच, साहेब," असे तेथील तंत्रज्ञ म्हणाले. इतक्या मोठ्या आवाजात कोण ऐकणार, हा त्यांचा प्रश्न गैरलागू नव्हता, कारण १६ बिटमध्येही सर्वांत क्षीण आणि सर्वांत मोठ्या आवाजातला सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. परंतु दोष बिटांच्या संख्येवर ढकलणे मला मान्य नव्हते. २४ बिटचे १६ करताना प्रत्येक नमुन्यातले खालचे ८ बिट नुसते छाटले, तर होणारी चूक मूळ आवाजाच्या चढउताराशी बांधलेली राहते आणि क्षीण आवाजात विकृती म्हणून ऐकू येते. छाटण्यापूर्वी डिदर, म्हणजे अतिशय क्षीण यादृच्छिक गोंगाट, मिसळला की ही बांधणी सुटते. मागे एकसारखी मंद सळसळ उरते आणि तिच्यातही तंबोरा शाबूत राहतो.

यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक पर्याय निवडावा लागतो, एवढेच. पण दर खेपेला समोर नवा माणूस आणि हातात तोच अर्ज, ज्यात डिदरसाठी रकानाच नव्हता. एकदाचे डिदर झाले, तर त्यानंतर कोणीतरी आवाज २ डेसिबलने वाढवून फाइल पुन्हा १६ बिटमध्ये जतन केली. आवाज वाढवणे म्हणजे गुणाकार; त्यातून आलेले अपूर्णांक पुन्हा छाटले गेले आणि खरखर परतली. डिदर सर्वांत शेवटी द्यावे, ते याचसाठी.

अखेर मी घरीच रूपांतर करून, "यात काहीही बदलू नये" असे लिहून पेन ड्राइव्ह दिला, आणि तो निमूटपणे स्वीकारला गेला. हे आधी सांगायला हवे होते: फ्लोटमध्ये शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीच्या, वर गेलेला आवाज शाबूत राहतो, १६ बिटमध्ये त्याचे शेंडे कापले जातात, म्हणून रूपांतराआधी पातळी खाली आणावी.

मूळ २४ बिटची फाइलही जपून ठेवावी. पुढे त्याच कार्यालयाने १६ बिटवरून २४ बिटची फाइल वेगळे शुल्क घेऊन करून देण्याची तयारी दाखवली. प्रत्येक नमुन्याला आठ शून्ये जोडण्याचे ते शुल्क मी भरले नाही.