काढून टाकलोय की कवाच!

“ॲप काढून टाकलोय की कवाच! मग पैसे कसे कट होतात?” खडेबाजारात चहा पिताना मामांनी फोन पुढं सरकवला. 149 रुपये. सलग तिसरा महिना.

“सात दिवस फुकट” म्हणून घेतलेलं भजनांचं ॲप. फोनवरून गेलं, पण प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडलं, तर तिथं ठणठणीत जिवंत. ॲप उडवलं म्हणून वर्गणी थांबत नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. केली. मग यूपीआयमधला ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी, तीही तपासली.

पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या 24 तास आधी कळवावं लागतं. मेसेज आले नाहीत? आलेले की, तिन्ही वेळा. इंग्रजीत.

“इंग्लिश मेसेज म्हणजे लोनवाल्यांचा, म्हणून बघितलोच नाही.”

मामा मराठी वाचतात, कन्नडही घडाघडा वाचतात. पाटी कुठल्या भाषेत हवी यावर आपल्या बेळगावात किती वर्षं भांडणं चाललीत! आणि खिशातून पैसे जाणार हे सांगणारा मेसेज मात्र तिसऱ्याच भाषेत.

तुमच्या घरातल्या मोठ्यांच्या फोनात किती ऑटोपे चालू आहेत, बघितलंय कधी?